हायकमांडवर रुसलेले डावे

२०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस बेंगळुरूत सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार एकमेकांच्या घरी न्याहारीला जाऊ लागले आणि इकडे बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या डाव्या मंडळींत जुनं भांडण नव्याने पेटलं. एक गट म्हणतो, सिद्धरामय्या हटले की काँग्रेसमधला उरलासुरला लोहियावादी संपला, मग या पक्षाकडे बघायचं कशासाठी? दुसरा म्हणतो, बघायचं कधीच नव्हतं; खर्गे-राहुल यांच्या हातून काही होणार नाही हे हरियाणा, महाराष्ट्र आणि बिहारने ओळीने सांगितलंय. तिसरा दोघांनाही दटावतो: आत्ता तोंड उघडाल तर भाजपचं फावेल. तिघांचा आवेश वेगळा, विषय एकच. खुर्चीवर कोण?

हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. काँग्रेस नेतृत्वाबद्दलची डाव्यांची निराशा खरी आहे आणि त्यांच्या बहुतेक तक्रारीही खऱ्या आहेत. त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा खोटा. मध्यममार्गी पक्ष कुणाच्याही हाती असो, दाब जिकडे नेईल तिकडे तो सरकतो. डावीकडून रेटा होता तेव्हा या पक्षाने कायदे केले, तो आटला तेव्हा माफीनामे लिहिले. मग प्रश्न राहुल गांधींच्या कुवतीचा उरतो, की सीमाभागातल्या आपल्या संघटनांचं काय झालं याचा?

तक्रारी आधी नीट मांडू, कारण काँग्रेसचे समर्थक त्या हसण्यावारी नेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकचे सहकारमंत्री के. एन. राजण्णा म्हणाले की ज्या मतदारयाद्यांवरून आपण मतचोरीची ओरड करतोय त्या आपलंच सरकार असताना तयार झाल्या, तेव्हा आपण गप्प का होतो? त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. त्याच महिन्यात शिवकुमारांनी विधानसभेत संघाच्या प्रार्थनेच्या ओळी म्हणून दाखवल्या. नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि खुर्चीवर राहिले. पक्षाला गैरसोयीचं खरं बोलणारा घरी जातो आणि शाखेची प्रार्थना म्हणणारा उपमुख्यमंत्री राहतो, यातून कार्यकर्त्याने काय शिकायचं?

निपाणीचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये मानव बंधुत्व वेदिकेच्या कार्यक्रमात सतीश जारकीहोळी ‘हिंदू’ शब्दाच्या फारसी उगमाबद्दल बोलले. त्यांचं विधान अभ्यासाच्या कसोटीला किती उतरतं हा वेगळा मुद्दा; मला ते घाईचं वाटलं होतं. पण हा माणूस सहा डिसेंबरला बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात रात्र काढून अंधश्रद्धेला आव्हान देणारा, प्रदेश काँग्रेसचा तेव्हाचा कार्याध्यक्ष. दिल्लीहून पक्षाने त्यांचा हात लगेच सोडला आणि दोन-तीन दिवसांत त्यांना विधान मागे घ्यावं लागलं. हे भाजप सत्तेत असताना घडलं, म्हणजे काँग्रेसला सत्ता जाण्याची भीतीही नव्हती. भीती होती ती फक्त पुढच्या निवडणुकीची.

कामगार आणि शेतकऱ्यांच्या बाबतीतही तेच. २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घ्यायला मोकळीक दिली, तेव्हा काँग्रेस रस्त्यावर होती. सत्ता आल्यावर ती दुरुस्ती तिथेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाजपने कारखान्यांत बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी केली. काँग्रेस आल्यावर उलटं चाक फिरेल असं वाटलं होतं. फिरलं ते असं, की २०२५ मध्ये दुकाने-आस्थापनांतले रोजचे तास नवावरून दहावर न्यायचा प्रस्ताव याच सरकारच्या कामगार खात्याकडून आला.

सीमाभागातल्या मराठी डाव्याला आणखी एक दुखणं आहे, जे बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या कॉम्रेडला कळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव केला. पाचच दिवसांनी महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीची इंच न् इंच जमीन घेऊ असा ठराव केला. दोन्ही एकमताने. एकाच पक्षाच्या आमदारांनी एकाच आठवड्यात दोन्हीकडे हात वर केले. भाजपनेही तेच केलं, पण भाजपकडून आम्ही अपेक्षा कधी केली होती?

आता दुसरी बाजू. तिच्यातला सगळ्यात बळकट मुद्दा आधी घेतो: हा काळ सामान्य नाही, आणि दोन्ही पक्ष सारखेच म्हणणं ही चैन आहे. हे मला मान्य आहे. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी, गौरी लंकेश ही चार नावं बेळगावपासून फार लांबची नाहीत. कोल्हापूर आणि धारवाड ही आमची शेजारची गावं. चार खुनांपैकी ज्याचा तपास सगळ्यात वेगाने पुढे सरकला तो गौरी लंकेश यांचा, आणि त्याचं विशेष तपास पथक सिद्धरामय्यांच्या पहिल्या सरकारने नेमलं होतं. ज्या राजवटीत पोलिसाला खुन्याच्या मागावर जाता येतं आणि ज्या राजवटीत त्याचा पाय मागे ओढला जातो, त्यांत फरक आहे. हा फरक नाकारणाऱ्याला मी डावा मानत नाही, बेफिकीर मानतो.

कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारच्या गॅरंटी योजनांचंही तसंच. खासगीत आपल्यातले काही जण त्यांना ‘फुकटचं वाटप’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी कुणाकडून उचलला हे त्यांनाही ठाऊक आहे. जून २०२३ पासून बायका सरकारी बसने फुकट जातात, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून महिन्याला दोन हजार गृहलक्ष्मीचे येतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला माहेरी जायचं तर आता नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. माझ्या मते तीस वर्षांच्या आपल्या अनेक परिपत्रकांनी जे साधलं नाही ते या बसच्या शून्य रकमेच्या तिकिटाने साधलं. हे श्रेय काँग्रेसचं, आणि ते देताना जीभ अडखळायचं कारण नाही.

पण या दोन्ही गोष्टी मान्य केल्यावर ‘म्हणून गप्प बसा’ हा निष्कर्ष निघतो का? दाभोलकरांचाच धागा पुढे नेऊ. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, मसुदा पुन्हा पुन्हा सौम्य केला, अधिवेशनामागून अधिवेशनं वाट पाहिली. राज्य काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं, मुख्यमंत्री तर सुसंस्कृत, उदारमतवादी. वीस ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. मधल्या काळात नेत्यांची मतं बदलली होती का? तिळमात्र नाही. रस्त्यावर उतरलेल्या लोकांची संख्या बदलली होती. मित्रसरकार आहे म्हणून नम्रपणे थांबणाऱ्यांना या देशात काय मिळतं, याचा यापेक्षा कडू दाखला मला माहीत नाही.

त्यात काँग्रेसबद्दलचा हा भ्रमनिरास आपण जणू पहिल्यांदाच अनुभवतोय असं बोलतो. बेळगावात बसून तरी असं बोलू नये. डिसेंबर १९२४ चं अधिवेशन इथे टिळकवाडीच्या माळावर भरलं, गंगाधरराव देशपांड्यांनी ते उभं केलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथेच. शताब्दीला पक्षाने त्याचा मोठा गजर केला. पण त्या अधिवेशनात झालं काय? कायदेमंडळावर बहिष्कार हवा म्हणणारे नाफेरवादी गांधींचे सच्चे अनुयायी. आणि गांधींनी दास-मोतीलाल यांच्या स्वराज्य पक्षाशी केलेला समझोता इथे पक्का करून घेतला, ज्याने कायदेमंडळातलं काम काँग्रेसच्या नावाने करायला मुभा मिळाली. बदल्यात नाफेरवाद्यांना मिळालं महिना दोन हजार वार सूत कातण्याचं सदस्यत्व. ज्यांनी गांधींच्या शब्दावर वकिली सोडली, त्यांना नेता दुसऱ्या गटाशी तडजोड करताना पाहावं लागलं. दास आणि मोतीलाल यांच्यामागे निवडून आलेले सदस्य होते, नाफेरवाद्यांकडे निष्ठा होती. महात्म्याने अध्यक्षपद भूषवलेल्या काँग्रेसमध्येसुद्धा निष्ठेला सूत मिळालं आणि संख्येला कायदेमंडळ. आपण आज कुणाकडून जास्त अपेक्षा करतोय?

पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, १९४८ मध्ये समाजवादी बाहेर पडले. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे बहुजन शेतकऱ्यांचा रोष घेऊन बाहेर आले, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) उभा राहिला, मार्क्सवाद स्वीकारणारा दाभाडीचा प्रबंध झाला. आणि काही वर्षांतच जेधे-मोरे स्वतः काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेच्या राजकारणात शेकापचे कितीतरी मोहरे वेचून नेले. या इतिहासातून साधारणपणे ‘काँग्रेस गिळते’ असा धडा काढला जातो. मला दिसतं ते वेगळं. शेकापचा जो भाग गावात शेतसारा, दुष्काळ, खंडाच्या जमिनीवर लढत राहिला तो गिळला गेला नाही. जो भाग नेत्यांच्या भोवती होता तो नेत्यांबरोबर गेला.

‘नेता बदला’ म्हणणाऱ्यांसाठी आणि ‘काँग्रेस सोडून तिसरं शोधा’ म्हणणाऱ्यांसाठी सीमाभागाकडे याहूनही चांगला पुरावा आहे. १९८१ मध्ये निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले. शरद जोशींचं नेतृत्व, स्थानिक समाजवाद्यांची साथ, आणि दोघांचं अर्थशास्त्र एकमेकांना छेद देणारं. सहा एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. मुख्यमंत्री काँग्रेसचे गुंडूराव, ज्यांचा उद्दामपणा तेव्हा दंतकथेसारखा सांगितला जाई. साहजिकच सगळे म्हणाले, हे सरकार गेलं पाहिजे. गेलं. १९८३ मध्ये जनता पक्षाचे रामकृष्ण हेगडे आले, डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्याने. सौम्य, वाचन असलेले, विकेंद्रीकरणाचे पुरस्कर्ते. त्यांचा पंचायत राज कायदा आजही वाखाणला जातो. आणि १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर गोळ्या चालल्या त्या याच हेगड्यांच्या राज्यात. बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याची साक्ष आहे. पाच वर्षांत मुख्यमंत्री बदलला, पक्ष बदलला, स्वभाव तर दुसऱ्या टोकाचा आला. निपाणीच्या शेतकऱ्याला आणि हिंडलग्याच्या तरुणाला त्याने काय फरक पडला? गुंडूरावांच्या जागी सज्जन माणूस आणायचा हा एकच कार्यक्रम हाती असला की पुढचा गोळीबार सज्जनाकडून होतो.

यावर कुणी म्हणेल, मग सगळं राजकारण मिथ्या ठरलं, कुणालाच मत देऊ नये. तसं नाही. मध्यममार्गी पक्ष म्हणजे कारखान्याचा ऊसकाटा समजा. त्याला मालकाचं मन नसतं, पण मालकाचा हात असतो. तुमची गाडी चढवल्यावर शेजारी माणूस उभा करावा लागतो, नाहीतर काटामारी ठरलेलीच. काट्याशी भावनिक नातं जोडून चालत नाही आणि काट्याला लाथ मारून ऊसही मोजला जात नाही.

गाडी भरलेली असली की काय होतं हेही पाहिलंय. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेहरूंना प्रतापगडावर काळे झेंडे दिसले आणि अडीच वर्षांत मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांगे, एसेम, अत्रे, नाना पाटील, उद्धवराव यांना नेहरूंच्या सद्भावनेची आस नव्हती. (बेळगाव मात्र राहिलं. कारण साधं: इथल्या मराठी मतांचं वजन महाराष्ट्राच्या काट्यावर पडत नव्हतं आणि कर्नाटकाच्या काट्यावर ते उलट बाजूला जात होतं. पुढे महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला असं सुचवलं, तेही धूळ खात पडलं. दोन्ही राज्यांत काँग्रेस होती, कोणता मुख्यमंत्री स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार?) १९७२ च्या दुष्काळात लाल निशाण, शेकाप, दोन्ही कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांनी खडी फोडणाऱ्यांचे मोर्चे एकत्र काढले, शहरात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या लाटण्यांनी मंत्र्यांची झोप उडवली, रोजगार हमीचा कायदा काँग्रेसने केला. वि. स. पागे यांची दृष्टी होतीच, पण दृष्टी असलेले लोक प्रत्येक मंत्रिमंडळात एखाददुसरे असतात.

२००४ चं उदाहरण तर अजून ताजं आहे. डाव्यांचे लोकसभेत साठच्या घरात खासदार होते, किमान समान कार्यक्रम लेखी होता. माहिती अधिकार आणि रोजगार हमी २००५ मध्ये, वनाधिकार २००६ मध्ये आला. मनमोहनसिंग काही डावे झाले नव्हते. अर्थमंत्री असताना बाजाराची दारं उघडणारा तोच माणूस. मग जुलै २००८ मध्ये डाव्यांनी अणुकरारावर पाठिंबा काढला. कराराला विरोध करण्याची कारणं भक्कम होती, पण कागवाड-रायबागच्या शेतमजुराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ज्या कारणासाठी आपली माणसं रस्त्यावर येणार नाहीत त्या कारणावर आपण सगळं वजन एकदम उधळलं. २००९ मध्ये खासदार चोवीसवर आले. त्यानंतरच्या काँग्रेसला डावीकडून भीती उरली नाही, आणि तेव्हापासूनचं सगळं नेतृत्व आपल्याला निराशाजनक वाटतं, यात योगायोग किती?

आजच्या कर्नाटकातही हेच दिसतं. देवनहळ्ळीत १,७७७ एकरांच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी तीन वर्षांहून जास्त काळ बसून राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये सिद्धरामय्यांनीच ते संपादन सोडल्याचं जाहीर केलं. आशा सेविकांनी २०२५ च्या जानेवारीत बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात ठाण मांडून महिना दहा हजारांचा शब्द घेतला. अंमलबजावणीसाठी त्यांना पुन्हा उठावं लागलं, उठल्याही. या दोन्ही ठिकाणी कुणी ‘मुख्यमंत्री खरा समाजवादी आहे का’ यावर परिसंवाद घेतला नव्हता.

आणि आमच्या जिल्ह्यात? नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला साडेतीन हजारांसाठी बसले. हिरव्या टॉवेलवाले रयत संघाचे, म्हणजे कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेचे लोक पुढे. आठवड्याभरात सरकार हललं, ३,३०० वर तोडगा निघाला. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने दोन डझनांहून अधिक. त्यांचे मालक, संचालक बघा, काँग्रेसचे आणि भाजपचे मोठे नेते शेजारीशेजारी सापडतील. ज्यांच्या विचारसरणीबद्दल आपण रात्र रात्र वाद घालतो तेसुद्धा त्या यादीत आहेत. उसाच्या भावावर या लोकांत पक्षभेद नाही. तरीही भाजपचे प्रदेशाध्यक्ष तिथे येऊन शेतकऱ्यांबरोबर बसले, आणि विरोधी पक्षाची जागा त्यांनी फुकटात घेतली. ती जागा खरी कुणाची होती? कारखानदार दोन्ही पक्षांत आहेत हे माईकवरून सांगणारा तिसरा माणूस तिथे हवा होता. आपल्यातले काही जण गेले, हार घातला, पाठिंब्याचं पत्र दिलं, परत आले. त्या आठवड्यात आपल्या गटांत सगळ्यात लांबलेली चर्चा बिहारमध्ये राहुल गांधींनी कुठे चूक केली यावर होती.

निपाणीच्या वखारींत जर्दा चाळणाऱ्या बायकांची संघटना समाजवाद्यांनी बांधली तेव्हा तिथे मराठी किती, कन्नड किती, मुसलमान किती, देवदासी किती हे कुणी विचारत नव्हतं. मजुरी आणि वखारमालकाचा हात या दोन गोष्टींवर ती बांधली गेली. तंबाखूचा धंदा आटला, संघटनाही आटली. पण त्या बायकांच्या सुना आज कुठे आहेत? अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारावर, औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर, वडगाव-खासबागच्या मागांवर. मालक विखुरले म्हणून मजूरही विखुरले. त्यांना शोधत घरोघर जाणं कंटाळवाणं काम आहे. त्यामानाने हायकमांडचं विश्लेषण फार सुखाचं.

इथे मराठी वाचकाला खटकेल असं एक बोललं पाहिजे. सीमाभागात डाव्यांचा पाया खचला त्याला आपणही एका बाजूने जबाबदार आहोत: भाषेचा प्रश्न आपण महाराष्ट्र एकीकरण समितीला आंदण दिला. मुळात समिती ही डाव्यांचीच लेक. एन. डी. पाटील आयुष्याच्या अखेरपर्यंत या लढ्याचे आधार होते, आणि गेले तेही २०२२ च्या सतरा जानेवारीला, सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात त्याच तारखेला. पण मधल्या पिढीतल्या डाव्यांना भाषेचा लढा संकुचित वाटू लागला, राष्ट्रीय प्रश्नांपुढे किरकोळ वाटू लागला. आपण सोडलेल्या जागी भगवं उपरणं आलं. २०२१ मध्ये महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या, निवडून आलेल्यांत मराठी भाषक भरपूर. त्याच वर्षीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराने लाखावर मतं घेतली आणि सतीश जारकीहोळी पाच हजारांच्या फरकाने पडले. काँग्रेसवाले आजही म्हणतात, समितीने घात केला. मी विचारतो, त्या लाखभर मराठी मतदारांना काँग्रेसने काय देऊ केलं होतं? आणि आपण तरी?

सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. तो चालू राहो. पण निकालाची वाट पाहणाऱ्या खानापूरच्या म्हातारीला पेन्शनचा अर्ज मराठीत हवा आहे तो आज. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्क्यांवर असेल तिथे सरकारी सूचना-नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे संरक्षण १९५६ पासून कागदावर आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत ही घटनेच्या ३५० अ कलमातली तरतूद. २०२४ मध्ये फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं ते काँग्रेसच्याच काळात, आणि संविधान हातात धरून भाषणं करणाऱ्या पक्षाला कुणी डाव्याने बेळगावात विचारलं नाही की अल्पसंख्याकांमध्ये भाषिक अल्पसंख्याक मोडतात की नाही. हा प्रश्न कन्नड मजुराच्या विरोधात जात नाही. मुंबईत, सोलापुरात कानडी माणसाला तोच हक्क मागता येतो, अक्कलकोट-जतच्या कन्नड शाळांसाठी आपण तो मागितला पाहिजे. दोन्हीकडे एकच मागणी करणारा माणूस दोन्हीकडे दोन ठराव करणाऱ्या पक्षाला अडचणीत आणू शकतो. समितीला ते जमणार नाही, कन्नडवाद्यांच्या कर्नाटक रक्षण वेदिकेला तर नाहीच.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला स्वतःलाही टोचतो. वजन, दाब हे बोलायला ठीक, पण ते उभं राहायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि निवडणूक समोर आहे, तोवर काय? तोवर भाजपला पाडायला काँग्रेसला मत द्यावं लागेल तिथे द्यावं, नाक न मुरडता द्यावं. फक्त मत आणि संघटना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मत पाच वर्षांतून एकदा देऊन संपतं. त्याबरोबर आपण काँग्रेसच्या व्यासपीठावर बसायला जातो, त्यांच्या यात्रेची व्यवस्था पाहतो, त्यांच्या समित्यांवर नेमणुका घेतो आणि मग ऊसदरावर बोलताना घसा बसतो; हे थांबलं पाहिजे. २०२३ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या अठरापैकी अकरा जागा काँग्रेसला मिळाल्या, त्यांत आपल्या कार्यकर्त्यांचे पाय झिजले. मोबदल्यात मतदानाआधी एकही गोष्ट लिहून घेतली नव्हती. लिहून घेतली असती तर निदान आज तो कागद घेऊन बेळगावच्या विधानभवनाच्या, सुवर्णसौधच्या दारात उभं राहता आलं असतं.

लिहून घेण्यासारखं पुढच्या वेळी काय आहे, हे शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. कारखान्यांच्या काट्यावर शेतकऱ्यांचा प्रतिनिधी. अंगणवाडी आणि आशांचं मानधन. तालुका कचेरीत मराठी अर्ज. आणि सगळ्यात आधी, जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीच्या निवडणुका. त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. भाजप सरकारने त्या लांबवल्या, काँग्रेस सरकारने त्या तशाच लोंबकळत ठेवल्या, अधिकारी कारभार पाहतायत. आमदारांना हे सोयीचं आहे, कारण गावात दुसरा निवडून आलेला माणूस नको असतो. छोट्या पक्षाला, संघटनेच्या बाईला, रयत संघाच्या पोराला निवडून यायची जी एकुलती एक जागा, तीच बंद आहे. सिद्धरामय्या राहतील की शिवकुमार येतील यावर आपण वर्षभर डोकं फोडलं. या निवडणुका घ्या म्हणून बेळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीवर लाल झेंड्यांचा एक मोर्चा निघालेला मी अजून पाहिलेला नाही.